साळदांड्याचे मुजावर सर

मुजावर सरांना काळजी करायला कारण लागत नसे. सकाळी शाळेत आले की ते आधी आभाळ बघत, मग वर्गातल्या नकाशाचा खिळा हलवून बघत, मग माठावरचं झाकण. खिळा पक्का निघाला तरी त्यांचं समाधान होत नसे. "आज पक्का हाय," असं म्हणत आणि त्यातल्या 'आज'वर असा जोर देत, की नकाशाखाली बसलेला मुलगा आपला बाक गुपचूप बाजूला सरकवी. परीक्षेच्या दिवशी त्यांच्या पिशवीत शाईची जादा बाटली, चार टाक, सुईदोरा आणि आल्याचा तुकडा असे. स्टाफरूममध्ये कुणी शिंकलं तर सर चष्मा कपाळावर चढवून विचारत, "अंगात कणकण न्हाय न्हवं?" हो म्हटलं तरी पंचाईत, नाही म्हटलं तरी पंचाईत.

खेळाचे घोरपडे सर त्यांना रोज छेडायचे. "काय सर, आज सूर्य पूर्वेलाच उगवला न्हवं?"

"बघितला न्हाय वो," मुजावर सर गंभीरपणे म्हणायचे. "ढग हुतं."

आम्ही हसायचो. सर हसायचे नाहीत. सूर्य बघायचा राहिला याची त्यांना खरोखर रुखरुख लागलेली असे.

मी कोल्हापुरातल्या त्या शाळेत मराठी शिकवायला लागले तेव्हा सर चाळिशीत होते. इतिहास आणि भूगोल हे दोन विषय त्यांच्याकडे. उंच, किडकिडीत बांधा, मे महिन्यातही गळ्यापर्यंत लावलेली शर्टाची गुंडी, आणि बोलताना समोरच्याच्या चेहऱ्याऐवजी त्याच्या खांद्यामागे बघायची सवय. पहिले काही दिवस मी सारखी मागं वळून पाहायची. मग कळलं, की मागं काही नसतं. काही येईल की काय, एवढंच ते बघत असतात.

मुलांना मात्र त्यांचा तास आवडायचा, आणि त्याचं कारण होतं साळदांडा.

सर महाराष्ट्राचा किनारा फळ्यावर एका दमात काढत. खडू वरून खाली सरसर यायचा आणि दक्षिणेकडे एका ठिकाणी थबकायचा. तिथं ते नखाएवढी एक जीभ समुद्रात काढत, आणि मग उरलेला किनारा पुरा करत. ती जीभ म्हणजे साळदांडा. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी, आणि मुख्य जमिनीशी जोडणारी अर्ध्या मैलाची वाळूची अरुंद पट्टी. तिला तिथले लोक पुळण म्हणत. भरतीला ही पुळण पाण्याखाली जाई आणि साळदांड्याचं बेट होई. ओहोटीला पुन्हा द्वीपकल्प. पाठ्यपुस्तकात यातलं काहीही नव्हतं. एकदा हेडसर तासाला येऊन बसले आणि नंतर म्हणाले, "मुजावर, हे अभ्यासक्रमात आहे का?"

"न्हाय सर," मुजावर सर म्हणाले. "पण समुद्रात हाय."

गंमत अशी, की सरांनी समुद्र पाहिलेला नव्हता. साळदांडा तर नव्हताच नव्हता. ते शिरोळकडचे, कृष्णाकाठचे. ट्रेनिंग कॉलेजात असताना त्यांना भिंतीवरच्या एका जुन्या नकाशात ती जीभ दिसली. तिच्यावर नाव छापलेलं नव्हतं. दुसरा कुणी असता तर पुढच्या जिल्ह्याकडे वळला असता. सरांना मात्र झोप लागेना. एवढ्याशा जमिनीवर, दोन्ही अंगांनी पाणी असताना माणसं राहत असतील, तर त्यांचं कसं होत असेल? शेवटी त्यांनी एक पोस्टकार्ड लिहिलं. पत्ता असा, 'शाळामास्तर साहेब, समुद्रात गेलेल्या टोकावर', आणि खाली तालुका. पोस्टखात्याची कमाल म्हणायची, ते पत्र पोचलं. केळुस्कर नावाच्या गुरुजींचं उत्तर आलं. आम्ही सुखरूप आहोत, आपण कोण?

तेव्हापासून अकरा वर्षं ही पत्रं चालू होती. सरांनी विचारायचं, गुरुजींनी पायपीट करून माहिती काढायची आणि आंतर्देशीय पत्राच्या कडाकडांनी लिहून पाठवायची. गोड्या पाण्याच्या विहिरी तीन. घरांची दारं खाडीकडे, कारण समुद्राकडून वारा छपरं उचलतो. टोकाला एक बुरूज, येणाऱ्याजाणाऱ्या गलबतांवर नजर ठेवायला बांधलेला. तो कुणी बांधला यावर गावात चार मतं, आणि चारही सरांनी लिहून घेतलेली. बुरुजाखालची एक तोफ वाळूत उलटी पुरलेली आणि तिला होड्या बांधलेल्या. पीर आणि देवी शेजारी शेजारी, दोघांच्या दिव्याचं तेल एकाच घरातून. हे सगळं सरांनी एका जाड वहीत लिहिलं होतं, आणि ती त्यांनी मला वाचायला दिली होती. वहीवर नाव होतं 'साळदांडा : भूगोल आणि इतिहास'. ती छापायची त्यांची फार इच्छा होती, पण 'अजून खात्री व्हायची हाय' म्हणून ते दर वर्षी थांबत.

दर दिवाळीत गुरुजी शाळेच्या पायरीपासून समुद्रापर्यंत पावलं मोजून कळवत. ते पत्र आलं की सर स्टाफरूममध्ये वर बघत आणि म्हणत, "चार पावलं गेली." आम्हाला सवय झाली होती. कुणी चहा ओतायचं थांबत नसे. पण सर त्या दिवशी डबा उघडत नसत.

गुरुजींनी त्यांना भरतीचा हिशेबही शिकवला होता. तिथीची पाऊणपट करायची, तितक्या वाजता भरती पुरी. चतुर्थी असेल तर तीन वाजता, अष्टमीला सहा. सरांना चाँदची तारीख रोज पाठच असायची, त्यामुळे हे गणित त्यांना फार आवडलं. शंभरावर मैलांवर समुद्र, आणि आमच्या स्टाफरूममध्ये मधल्या सुट्टीत सर घड्याळाकडे बघून सांगत, "आता पुळण पाण्याखाली गेली." घोरपडे सर लगेच पाय वर घेऊन बसायचे.

आता सहलीबद्दल सांगायला हवं. 

केळुस्कर गुरुजींचं पत्र आलं, की मी निवृत्त झालो, मुलाकडे मुंबईला जायचं ठरतंय, त्याआधी एकदा या. नववीच्या मुलांनीही साळदांड्याचा घोशा लावला होता. हेडसरांनी होकार दिला आणि सरांची अन्नावरची वासनाच उडाली. त्यांचं म्हणणं, सहल अष्टमीला न्यावी, त्या वेळी भरतीला जोर नसतो, पुळण बुडतच नाही. हेडसर म्हणाले, "मुजावर, एसटीची करारावरची गाडी तिथी बघून मिळत नाही." गाडी मिळाली ती पौर्णिमेनंतरच्या चतुर्थीला. तोवर गुरुजी मुंबईला गेले होते. अकरा वर्षं पत्रं लिहिणारी ती दोन माणसं एकमेकांना भेटली नाहीत ती नाहीतच. जाताना गुरुजींनी सरांना शेवटची सूचना लिहून पाठवली होती. चतुर्थीला तीनला भरती. काही झालं तरी बाराच्या आत पुळण सोडा.

छत्तीस मुलं-मुली, घोरपडे सर, मी आणि मुजावर सर. फोंडा घाट उतरून आम्ही तालुक्याच्या गावी शाळेत मुक्काम केला. सकाळी गाडी चालू होईना, ती ढकलण्यात तास गेला आणि पुळणीवर पोचायला नऊ झाले. मुलं समुद्र बघून किंचाळत धावली. सर गाडीच्या पायरीवरच उभे राहिले. मला म्हणाले, "बाई, हे सगळं एकदमच हालतंय की."

मग ते खाली उतरले. हातात वेळूची एक काठी होती, वीत-वीत अंतरावर खाचा पाडलेली. ती ते कोल्हापूरहून गाडीच्या टपावर बांधून घेऊन आले होते. त्यांच्या गावी कृष्णेच्या काठी दर्गा आहे आणि मुजावरांच्या घराण्याकडे पिढ्यान्‌पिढ्या एक काम आहे. पावसाळ्यात पाणी चढायला लागलं, की दर्ग्याच्या पायरीशी काठी रोवायची आणि तासातासाला खाचा बघायच्या. मुजावर निघा म्हणाला, की गावानं गुरंढोरं घेऊन वरच्या अंगाला जायचं. तो थांबा म्हणाला, की थांबायचं. सरांचे वडील गेले तेव्हा गावातल्या पाटलांनी खांदा दिला होता, तो या काठीसाठी. "आमच्या काठीनं गावाला कधी फसवलं न्हाय," एवढी एक गोष्ट सर छाती काढून सांगत.

ती काठी त्यांनी समुद्राच्या बाजूला, पाण्याच्या कडेला रोवली. "मी हितं पाण्यावर नजर ठेवतो. तुम्ही आणि घोरपडे पोरांस्नी घेऊन जावा."

"सर, अहो, अकरा वर्षं तुम्ही लिहिताय. बुरूज तुम्ही बघायचा. घोरपडे सर थांबतील इथं."

"तेवढं नगं," सर म्हणाले. "पाण्यापाशी मुजावरच पाहिजे." आणि त्यांनी माझ्या हातात एक कागद दिला. काय काय बघायचं, त्याचे एकवीस मुद्दे होते.

आम्ही गेलो. विहिरींचं पाणी प्यायलो, तोफेवर बसलो, बुरुजावर चढलो. माझं लक्ष सारखं घड्याळाकडे. साडेअकराला निघायचंच, असं मी मुलांना बजावलं होतं. सव्वाअकराच्या सुमाराला डोक्यावर पाटी घेतलेली एक कोळीण पुळणीवरून आली आणि तिनं माझ्या हातात चिठ्ठी दिली. अक्षर सरांचंच. 'घाई नाही. पाणी तासाला एक वीत चढते आहे. अजून पाच विती अंतर आहे. पोरांना सावकाश जेवू घाला, एकपर्यंत या.'

मी ती चिठ्ठी दोनदा वाचली. सरांच्या हातचं 'घाई नाही' मी कधी वाचलेलंच नव्हतं. घोरपडे सर म्हणाले, "बाई, समुद्राची हवा मानवली म्हणायची सरांना." खरं सांगते, मला फार बरं वाटलं. हा माणूस एकदा तरी निर्धास्त झाला, या आनंदात मी गुरुजींची सूचना बाजूला ठेवली. भाकरी आणि खर्ड्याची फडकी सोडली. मुलांनी आणखी अर्धा तास मागितला तर तोही दिला.

पाऊण वाजता आम्ही पुळणीच्या तोंडाशी आलो. सकाळी बैलगाड्या दोन जातील अशी ती पट्टी आता निम्मी झाली होती. पलीकडच्या टोकाला सर उभे होते, लांबून छोटे दिसत होते, आणि दोन्ही हात हलवत होते. मला वाटलं, 'या, या' म्हणतायत. वारा समुद्राकडून होता, शब्द येत नव्हते. नंतर कळलं, की ते 'थांबा' म्हणत होते.

आम्ही निघालो. मुलं गात होती. निम्म्यावर आल्यावर पुढच्या मुली थांबल्या. तिथं पुळण थोडी सखल होती आणि खाडीच्या बाजूनं पाणी तिच्यावरून समुद्राकडे वाहत होतं. आधी घोट्याएवढं. घोरपडे सर म्हणाले, "मागं फिरा." मागं पाहिलं, तर ज्या वाटेनं आलो तीही चकाकत होती. आम्ही उभे होतो तो उंचवटा आमच्या शाळेच्या व्हरांड्याएवढा असेल. त्यावर अडतीस माणसं. गाणं बंद झालं. एक मुलगा रडायला लागला आणि मग सगळ्या मुली रडायला लागल्या. मी त्यांना हात धरून कडं करायला सांगत होते.

सर धावत आले. पाणी कमरेला लागल्यावर ते पोहायला लागले. कृष्णाकाठचा माणूस, पोहणं त्यांना नवं नव्हतं. पण ते वर आले तेव्हा त्यांचा चेहरा मला ओळखू येईना. "तासाला एक वीत चढत हुतं, बाई," ते म्हणाले. "तासाला एकच वीत. मी दोन तास बघितलं." तेच तेच ते म्हणत राहिले. नदीचा पूर एका चालीनं चढतो. दोन तासांची चाल कळली, की पुढच्या पाच तासांचा हिशेब मांडता येतो. त्यांच्या घराण्यानं तोच मांडला होता आणि कधी चुकला नव्हता. समुद्र तसा चढत नाही. शिवाय सर समुद्राकडे बघत बसले होते, आणि पाणी आलं खाडीकडून, त्यांच्या पाठीमागून.

काठावर रापण ओढणारी माणसं होती. मोठं जाळं आणि त्याचे लांबच लांब दोर. त्यांनी आम्हाला पाहिलं. बाबल नावाचा एक माणूस जाळ्याचा दोर कमरेला बांधून पाण्यातून आमच्याकडे आला, दुसरं टोक काठावर वीस जणांनी धरलं. आल्या आल्या तो सरांवर ओरडला, "मास्तरानू, काठयेन मोजूक ही काय नदी आसा? पयलो तास पाणी सावकाश येता, मगे जोर धरता! हयल्या पोरांका सुद्धा ठावक आसा!"

 सरांनी दोराचं टोक हातावर गुंडाळलं आणि मुलं एकेक करून पुढं सोडायला सुरुवात केली. उंच मुलं आधी, त्यांच्यामध्ये एकेक लहान चणीची. पाणी छातीला आलं होतं. घोरपडे सर मधे, मी त्यांच्या मागं, सगळ्यांत शेवटी मुजावर सर. त्यांच्या पुढं शालन होती, हातकणंगल्याकडून रोज येणारी, वर्गात सर्वांत बुटकी. मधल्या प्रवाहात तिचा हात सुटला. मी फक्त तिची वेणी पाण्यावर पाहिली, मग तीही दिसेना. सरांनी दोर सोडला आणि पाण्याखाली गेले. किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. दोघं वर आली ती वीस-पंचवीस हात समुद्राच्या बाजूला. बाबलनं पोहत जाऊन त्यांना ओढून घेतलं. शालननं काठावर खारं पाणी ओकलं, आणि पहिला प्रश्न विचारला तो आपल्या चपलेबद्दल.

छत्तीसच्या छत्तीस मुलं गाडीत बसली. कोळणींनी त्यांना कोरडी लुगडी गुंडाळायला दिली. परत येताना घाट चढेपर्यंत मुलं पुन्हा गायला लागली. त्यांच्या दृष्टीनं ती सहल झकास झाली होती. सर सबंध वाटभर गाडीत दांडा धरून उभे होते. बसा म्हटलं, तर मान हलवत. चष्मा पाण्यात गेल्यामुळे त्यांना समोरचं दिसतही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी हेडसरांना अर्ज दिला. माझ्या चुकीमुळे छत्तीस मुलांचे जीव धोक्यात आले, योग्य ती कारवाई व्हावी. हेडसरांनी वाचून तो खणात टाकला. "मुजावर, सगळी पोरं घरी पोचली. आता हे मी कुणाला दाखवू?"

"शिक्षा न्हाय दिली तर मी वर्गात उभा कसा ऱ्हाऊ?" सर म्हणाले. हेडसरांनी खणाला किल्ली लावली. 

रविवारी ते शालनच्या वडिलांना भेटायला निघाले. वर्ग माझा होता म्हणून मीही गेले. वडील उसात पाणी पाजत होते. हात धुऊन आले. "या पावणं, बसा की. पोरगी सांगत हुती, मास्तरनं बुडताना वर काढलं म्हून."

"बुडवत बी मीच हुतो," सर म्हणाले. आणि त्यांनी सगळं सांगितलं, काठी, वीत, चिठ्ठी, काही न वगळता. वडील ऐकत राहिले. मधे एकदा त्यांनी दारात उभ्या असलेल्या शालनकडे पाहिलं, तेव्हा त्यांचा चेहरा बदलला आणि मला वाटलं, आता हा माणूस उठून सरांच्या कानशिलात देणार. सरांनाही तसंच वाटलं असावं. ते मान पुढं करूनच बसले होते.

"चूक आमची बी हुतीया, मास्तर," वडील शेवटी म्हणाले. "बैल बिथारतो, गाडी उलथती. पोरगी घरी आली न्हवं? झालं तर मग. जेवून जावा."

ताटात मटण वाढलं होतं. सरांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि तो तसाच हातात धरून बसले. एसटीची वाट बघताना ते मला म्हणाले, "बाई, ह्या लोकास्नी राग का येत न्हाय?" इतक्या केविलवाण्या आवाजात, की मला रडू आलं.

त्यानंतर सर बदलले, पण वरवर पाहणाऱ्याला ते कळलं नसतं. खिळा ते अजून हलवून बघत. पण मधल्या सुट्टीत पुळणीचं बोलणं बंद झालं. घोरपडे सरांना चैन पडेना. एकदा त्यांनीच घड्याळाकडे बघून विचारलं, "सर, आता पाणी कुठवर असेल वो?" मुजावर सर म्हणाले, "मला काय कळतंय." पुन्हा कुणी विचारलं नाही. फळ्यावर ते किनारा काढत, तेव्हा खडू आता कुठंच थबकत नसे. एका मुलीनं विचारलं, "सर, साळदांडा राहिला." सर म्हणाले, "राहू दे." वही त्यांनी छापली नाही. मी मागितली, तर म्हणाले, "त्यातला पाण्याचा धडा चुकलाय. मग बाकीच्यावर तरी कुणी का विश्वास ठेवावा?"

मुदतीच्या चार वर्षं आधीच ते निवृत्त झाले आणि गावी गेले, एवढंच कानावर आलं. चाळीस मैलांवरचं गाव, पण माझं जाणं झालं नाही. त्यांच्यासमोर बसायचं, तर बोलायचं काय, हा प्रश्न पडे. आणि त्या चिठ्ठीवर विसंबून अर्धा तास जास्तीचा देणारी मीच होते, हे मी कुणालाच सांगितलेलं नव्हतं.

ऐंशी सालानंतर केव्हातरी, हिवाळ्यातच, मी दुसऱ्या शाळेची सहल घेऊन कोकणात उतरले. वाट साळदांड्यावरून होती. खोटं कशाला बोलू, मीच ती तशी आखली होती. गाडी पुळणीशी आली आणि एक म्हातारा माणूस रस्त्यात आडवा झाला. डोक्याला फडकं बांधलेलं, लेंगा गुडघ्यापर्यंत दुमडलेला. "थांबा! आत्ता न्हाय सोडायचं. दीड तास हाय अजून."

"पुळण तर कोरडी आहे की," ड्रायव्हर वैतागून म्हणाला.

"दिसाया कोरडी हाय, मधी सखलात पाणी हाय अजून," म्हातारा म्हणाला, आणि मी खाली उतरले.

त्यांनी मला ओळखलं, पण हसले नाहीत. "बाई, पोरं किती हायती?"

बाबलनं मला नंतर सांगितलं. निवृत्त झाल्यावरच्या पहिल्याच मार्गशीर्षात सर एक वळकटी घेऊन त्याच्या दारात आले. सहलींचे दोन-अडीच महिने ते तिथंच राहतात. रोज सकाळी बाबलला विचारतात, आज कितीला सोडू, कितीला अडवू. विचारल्याशिवाय एकही गाडी पुढं जाऊ देत नाहीत. गावातले लोक आधी हसले. एकदा तर त्यांनी वाजंत्र्यासकट वऱ्हाड अडवलं होतं. "आता आमी काय बोलणव नाय," बाबल म्हणाला. "मास्तर जेवता काय, तेवढा बघतव."

मी सरांना म्हटलं, "अहो, ती मुलं आता मोठी झाली. शालनला दोन मुलं आहेत. तुम्हाला कुणी दोष दिला नाही. मग हे कशासाठी?"

सर माझ्या खांद्यामागून पाण्याकडे बघत होते. "पाण्याचं मला अजून बी कळत न्हाय, बाई," ते म्हणाले. "म्हणून बसतो."

मग मी तेही बोलून टाकलं, इतकी वर्षं न बोललेलं. "सर, तुम्ही एकपर्यंत या म्हणाला होता. पण गुरुजींची सूचना मला ठाऊक होती. मीच ती बाजूला ठेवली."

"तुम्ही माझ्यावर इस्वास ठेवला," सर म्हणाले. "त्येच तर."

वाट मोकळी व्हायला खरंच दीड तास लागला. मुलं चिंचा खात बसली, ड्रायव्हर झोपला. निघताना मी विचारलं, "बुरूज पाहिलात का आता तरी?"

"न्हाय. हितं कुणीतरी पाहिजे न्हवं."

"आज चला. बाबल थांबेल घटकाभर."

त्यांनी मान हलवली आणि कसं जायचं ते मुलांना सांगायला लागले. खाडीच्या कडेनं जाऊ नका, सखल जागा आली की पळा, गुरुजींची शाळा उजव्या हाताला, तिच्या भिंतीला आता पाणी लागतं. एकदाही तिकडे न गेलेला माणूस हे सांगत होता, आणि सगळं बरोबर होतं.

मग मी तो बुरूज त्यांच्यासाठी बघितला. पायऱ्या मोजल्या. भिंतीतल्या भोकांतून हात घालून बाहेरचा वारा घेतला. पीर आणि देवीच्या मधल्या भिंतीवर तेलाचे ओघळ होते, ते कुठल्या बाजूनं जास्त आहेत तेही पाहिलं. तोफेला अजून होड्या बांधलेल्या होत्या. तिच्या बुडाशी एक अक्षर कोरलेलं आहे, ते वहीत नव्हतं, हे मला पक्कं आठवत होतं. ते मी कागदावर उतरवून घेतलं. परतीच्या वाटेवर मनात सगळं जुळवत आले, कुठून सुरुवात करायची, काय शेवटी सांगायचं.

सर पुळणीच्या टोकाला उभे होते. मुलं त्यांच्या पुढून धावत गाडीकडे गेली. मी पोचले, कागद काढला आणि म्हटलं, "सर, बुरुजाच्या पायऱ्या तुमच्या वहीत आहेत तशा अकरा नाहीत, तेरा आहेत. दोन वाळूत गेलेल्या होत्या, आता उघड्या पडल्यात. आणि तोफेवर..."

"ते ऱ्हाऊ दे, बाई," सर म्हणाले. "मागं कोण ऱ्हायलं न्हाय न्हवं?"

"कुणी नाही. मीच शेवटची."

"तरी बघून येतो," असं म्हणून त्यांनी लेंगा आणखी वर दुमडला, आणि मी आले होते त्या वाटेनं सर पुळणीवर चालायला लागले.